जीएसटीची तपासणी आणि समन्सवरील जबाब: छोट्या कारखान्याने तयारी कशी आणि कुठवर करावी?

फिरता_लेथ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा टर्निंगचा (लेथवर धातू कातण्याचा) छोटा कारखाना आहे. वडिलांनी दोन जुन्या लेथवर सुरू केलेल्या या कामात आज अडतीस माणसे आहेत, आणि वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना आम्ही शाफ्ट व पिना बनवून देतो. कच्चा माल म्हणजे एमएस आणि ईएन-८ या पोलादांचे राउंड बार (गोल सळया). त्यातील काही माल आम्ही २०२१ ते २०२३ या काळात कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. माल आला, मशिनवर चढला, तयार होऊन गेला आणि पैसे बँकेतून दिले गेले, त्यामुळे तो विषय आमच्या लेखी कधीच संपला होता.

गेल्या महिन्यात पोर्टलवर सहज पाहिले, तर त्या व्यापाऱ्याची नोंदणी रद्द झालेली दिसली, आणि तीही मागील तारखेपासून, म्हणजे आम्ही त्याच्याकडून माल घेत होतो तेव्हापासूनच. त्यामुळे त्याच्या बिलांवर आम्ही घेतलेले क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आता संशयात आले. पंधरा दिवसांत आमच्याच रांगेतील एका कारखान्यात तपास पथक येऊन गेले. त्यांचाही पुरवठादार तोच होता. आता आमचा क्रमांक कधी लागतो एवढाच प्रश्न आहे, असे सगळे म्हणतात.

एका नातेवाइकांनी ‘हिशेबाचा जुना कॉम्प्युटर बदलून टाका’ असा सल्ला दिला आहे. हिशेबनीसबाई धास्तावल्या आहेत आणि स्टोअरचे काका ‘मला काही विचारू नका, मी सही करणार नाही’ म्हणून बसले आहेत. आम्ही खोटे काही केलेले नाही, पण चार वर्षांपूर्वी कोणता ट्रक कोणत्या दिवशी आला हे मला विचारले तर मी काय सांगणार? पथक आले तर काय करावे, जबाबाला बोलावले तर कशी तयारी करावी, आणि तयारी व बनवाबनवी यांतली रेघ कुठे ओढावी, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

ताळेबंद

सर्वांत आधी त्या कॉम्प्युटरला हात लावू नका. जुना संगणक, टॅलीचा बॅकअप, कर्मचाऱ्यांचे फोन, व्हॉट्सॲपचे गट, यांतले काहीही आता काढून टाकले तर निर्दोष माणसावरही संशयाचा शिक्का बसतो, शिवाय पुरावा नष्ट करणे हा कायद्याने स्वतंत्र दंडाचा विषय आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२०-२१ या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ होती, तर त्या वर्षाचे कागद फेब्रुवारी २०२८ अखेरपर्यंत तुमच्यापाशी असायलाच हवेत. प्रकरण सुरू असेल तर त्याहूनही पुढे.

दुसरे असे की ‘जीएसटीवाले आले’ या एका वाक्यात लोक चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. कलम ६१ ची छाननी कागदावर होते आणि तिची सूचना एएसएमटी-१० या नमुन्यात येते. कलम ६५ च्या लेखापरीक्षणाची किमान पंधरा कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना मिळते. कलम ६७ ची तपासणी किंवा झडती मात्र न सांगता होते. कलम ७० चे समन्स हा चौथा प्रकार, त्यात माणसाला बोलावले जाते. हातात आलेल्या कागदावर कोणते कलम आहे, हे पाहण्याआधी एक शब्दही लिहून देऊ नये. छाननीच्या पत्राला झडतीसारखे घाबरून उत्तर देणारे आणि समन्सला साधे पत्र समजून टेबलाच्या खणात टाकणारे, असे दोन्ही प्रकारचे अशील मी पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारातले अधिक महागात पडतात.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्हाला विचारले जाईल ते एकच: माल खरोखर आला का? बिल आहे आणि पैसे बँकेतून दिले आहेत, एवढ्यावर भागत नाही. इकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हेच सांगितले. ते प्रकरण कर्नाटकच्या व्हॅट कायद्यातले होते, पण विभाग आता जीएसटीतही त्याचाच आधार घेतो. माल देणाऱ्याचे नाव-पत्ता, वाहनाचा क्रमांक, वाहतुकीच्या भाड्याचा खर्च, माल मिळाल्याची पोच, हे सर्व खरेदीदाराने दाखवायचे असते. जीएसटीतही क्रेडिट घेणाऱ्यावरच कलम १५५ प्रमाणे ते सिद्ध करण्याचा भार आहे.

म्हणून आज संध्याकाळपासून एक काम सुरू करा. त्या व्यापाऱ्याच्या प्रत्येक बिलामागे एक गठ्ठा बांधा, आणि त्यात बिल, ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठी पोर्टलवर काढायचा कागद), ट्रान्सपोर्टची बिल्टी, वजनकाट्याची पावती, गेटवरच्या आवक नोंदवहीचे पान, स्टोअरची पोच, बँकेची नोंद आणि भाड्याचे व्हाउचर लावा. ज्या बिलामागे एखादा कागद सापडत नाही, तिथे ‘उपलब्ध नाही’ असे लिहून जागा मोकळी ठेवा. नवीन कागद तयार करू नका. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मागच्या तारखेची आवक नोंदवही एका रात्रीत, एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात लिहून काढण्याची ‘हुशारी’ अजूनही केली जाते, आणि ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

हीट_नंबर

मी गुणवत्ता तपासणीत काम करतो, कराचे मला कळत नाही. पण तुम्ही वाहन उद्योगाला माल देता, म्हणजे तुमच्याकडे हीट नंबर असणारच. पोलाद कारखान्यात एका भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याला एक क्रमांक असतो. तो मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावर असतो आणि बारच्या टोकाला पंच केलेला किंवा लेबलवर असतो. तुमच्या आवक तपासणीच्या नोंदीत तो उतरतो, आणि ग्राहकाला पाठवलेल्या तपासणी अहवालातही तोच जातो. म्हणजे कळंबोलीहून आलेला बार कोणत्या शाफ्टमध्ये गेला आणि तो शाफ्ट कोणाला गेला, हे कागदावर जोडता येते. हा कागद तुम्ही कर खात्यासाठी केलेला नाही, ग्राहकासाठी केलेला आहे, आणि त्याची दुसरी प्रत ग्राहकाकडे पडलेली आहे. व्यापाऱ्याने एकाच हीटचे प्रमाणपत्र दहा ग्राहकांना चिकटवले असेल तर तेही यातून कळेल, तेव्हा जुळवून पाहताना डोळे उघडे ठेवा.

फिरता_लेथ

हीट नंबरची कल्पना माझ्या डोक्यातच आली नव्हती. आवक तपासणीची फाइल वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाकडे असते. हिशेब विभागाने ती कधी पाहिलेलीही नाही. वजनकाट्याच्या पावत्यांची मात्र वाईट गोष्ट आहे. त्या थर्मल कागदावर होत्या आणि २०२१ च्या पावत्या आता कोऱ्या पांढऱ्या झाल्या आहेत. फाइलमध्ये व्यवस्थित पंच करून लावलेले कोरे कागद!

ताळेबंद

कोरे कागद फेकू नका, जसे लावले आहेत तसेच राहू द्या. ज्या काट्यावर वजन केले त्यांच्या संगणकात जुनी नोंद आहे का ते विचारा. ट्रक द्रुतगती मार्गाने आला असेल तर खालापूरचा टोल फास्टॅगने भरला असेल. त्या गाडीमालकाकडून फास्टॅगचा उतारा मिळाला तर तारीख, वेळ आणि गाडी तिन्ही सिद्ध होतात. आणखी एक लक्षात घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तुमच्या लहान खरेदीत ते नसेल तर तो दोष नव्हे. पण ‘का नाही’ याचे उत्तर देणाऱ्याला हा नियम ठाऊक हवा. वापराचा ताळाही घाला: इतके टन बार आले, इतक्या वजनाचा तयार माल गेला, इतका टर्निंगचा स्क्रॅप बिलाने विकला. आलेल्या मालाशिवाय एवढे शाफ्ट निघालेच नसते, हे दाखवणारा तक्ता दोन पानांत बसतो.

निवृत्त_कर

मी टेबलाच्या पलीकडे तीस वर्षे बसलो आहे, विक्रीकरापासून जीएसटीपर्यंत, त्यामुळे तिकडून कसे दिसते ते सांगतो.

पथक निघण्यापूर्वीच बरेचसे काम झालेले असते. ई-वे बिलांतील वाहन क्रमांक आम्ही सर्वांत आधी तपासतो. नऊ टन लोखंड स्कूटरच्या क्रमांकावर आलेले आढळले की पुढचे बोलणे वेगळ्या सुरात होते. तेव्हा तुमच्या बिलांवरचे क्रमांक तुम्हीच आधी तपासून घ्या. पुरवठादाराने चुकीचा क्रमांक टाकला असेल तर ते आम्ही दाखवण्याआधी तुम्हाला माहीत असलेले बरे.

प्रत्यक्ष दिवशी काय होते ते पाहू. कलम ६७ खाली येणाऱ्या पथकाजवळ आयएनएस-०१ या नमुन्यातील अधिकारपत्र लागते आणि ते किमान सहआयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेले असावे लागते. ते वाचायला मागणे हा उद्धटपणा नाही. त्यावर तुमच्याच संस्थेचे नाव आणि तुमचाच पत्ता आहे का, हे पाहा. ओळखपत्रे पाहा, नावे व हुद्दे टिपून घ्या. केंद्रीय कार्यालयाच्या कागदावर डीआयएन हा दस्तऐवज ओळख क्रमांक नोव्हेंबर २०१९ पासून असतो आणि संकेतस्थळावर तो खरा की खोटा ते एका मिनिटात कळते. पोर्टलवरून निघालेल्या कागदाला संदर्भ क्रमांक असतो. तोतये अधिकारी फिरतात, म्हणून ही काळजी आम्हालाही आवडते. दोन स्वतंत्र पंच असावेत, आणि तुमच्याच कारखान्यातले कामगार पंच म्हणून चालवून घेऊ नयेत. पथक आत शिरताना आणि बाहेर पडताना स्वतःची अंगझडती देऊ करते. ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण पंचनाम्यात त्याची नोंद होते.

तुमच्याकडून एकच जबाबदार माणूस सतत बरोबर असावा. कोणती फाइल कुठून काढली, कोणत्या संगणकाची प्रत घेतली, ते त्याने स्वतःच्या वहीत वेळेसह लिहावे. हार्ड डिस्कची नक्कल घेतली तर तिचे हॅश मूल्य पंचनाम्यात यायला हवे, कारण त्यावरूनच नंतर मजकुरात बदल झाला नाही हे कळते. जप्तीचा आदेश आयएनएस-०२ मध्ये असतो. ज्या वह्या रोजच्या कामाला लागतात त्यांच्या प्रती काढून घेण्याची मुभा कलम ६७(५) देते, ती तिथल्या तिथे मागा. पंचनामा शेवटपर्यंत वाचा. पथक दहाला आले आणि पंचनाम्यात बारा लिहिले असेल तर सहीपूर्वी सांगा. चहा जरूर द्या, जेवणाचा आग्रह करू नका. आणि दार अडवून वकील येईपर्यंत थांबा म्हणू नका. कलम ६७(४) खाली बंद दार व कपाट फोडण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरावा लागला की सगळ्यांचाच दिवस खराब होतो.

सुताची_गाठ

इचलकरंजीहून लिहितो आहे, सुताचा व्यापार. वरचे सगळे वाचायला छान आहे, पण रात्री साडेअकरा वाजता जेव्हा घरातून फोन येत असतात आणि समोरचा साहेब ‘आत्ता भरा, नाहीतर उद्या सकाळी तुम्हाला घेऊन जावे लागेल’ म्हणतो, तेव्हा कलमे आठवत नाहीत. आमच्याकडे असेच एक पथक आले होते आणि आम्ही त्या रात्री डीआरसी-०३ ने (स्वतःहून कर भरण्याच्या नमुन्याने) साडेनऊ लाख भरून मोकळे झालो. नंतर हिशेब केला तेव्हा देणे निघत होते एक लाख चाळीस हजार. माझा सल्ला: अडकू नका, भरा आणि धंदा करा. वकिलाची फीसुद्धा तेवढीच होते.

वकिली_बाणा

आपली अडचण समजते, पण हा सल्ला धागाकर्त्यांनी घेऊ नये असे मला वाटते. झडतीच्या वेळी करवसुली करण्याचा अधिकार कायद्यात नाही. भूमी असोसिएटच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असे निर्देश दिले की व्यापारी स्वतःहून भरायला तयार झाला तरी त्याला झडती संपल्यानंतर, दुसऱ्या दिवशी भरायला सांगावे. त्यानंतर २५ मे २०२२ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने स्वतःच सूचना काढली की झडतीत जबरदस्तीने वसुली होता कामा नये आणि तशी तक्रार आली तर चौकशी व्हावी. रात्री भरून घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने वल्लभ टेक्स्टाइल्सच्या प्रकरणात दिला आहे. राधिका अगरवाल प्रकरणात २७ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अटकेची भीती घालून कर भरून घेण्याच्या प्रकाराची दखल घेतली, आणि त्याच निकालात गुन्हा नोंद नसतानाही अटकपूर्व जामीन मागता येतो हे स्पष्ट केले.

मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. देणे खरोखर निघत असेल तर शांतपणे हिशेब करून नोटिशीपूर्वी भरणे शहाणपणाचे असते. कलम ७४ च्या, म्हणजे लबाडीचा आरोप असलेल्या प्रकरणात तेव्हा दंड १५ टक्के बसतो, नोटिशीनंतर तीस दिवसांत भरल्यास २५ टक्के. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४-अ लागते आणि तिथे मुदती वेगळ्या आहेत. आपण साडेनऊ लाख भरले त्यातली चूक भरण्यात नव्हती, हिशेबाच्या आधी भरण्यात होती. आणि भरावेच लागले, तर ‘हरकत राखून, दबावाखाली’ अशी नोंद लेखी पत्राने दुसऱ्याच दिवशी जायला हवी. आठ महिन्यांनी आठवलेल्या दबावावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कच्ची_वही

मी नेहमी वाचनमात्र असते, पण हिशेबनीसबाईंचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी मला स्वतःला समन्स आले होते. मालकांना नाही, मला. मी एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात खरेदीची बिले चढवत असे. कोणाचे कार्यालय ते सांगत नाही.

मला प्रश्नांनी घाबरवले नाही, शांततेने घाबरवले. एक अधिकारी विचारत होते, दुसरे टंकलेखन करत होते, आणि दोन प्रश्नांच्या मध्ये कधी कधी चार-पाच मिनिटे कोणीच काही बोलत नसे. ती पोकळी भरून काढण्यासाठी मी बोलत सुटले. ‘अमुक माल बहुतेक टेम्पोने येत असेल’, ‘बहुधा साहेबच ठरवत असतील’. नंतर कागदावर पाहिले तर ‘बहुतेक’ आणि ‘बहुधा’ हे शब्द गायब होते. खोटेपणा कोणी केला नव्हता. टंकताना वाक्य सुटसुटीत झाले होते, एवढेच. पण ‘माल टेम्पोने येत असे’ हे माझ्या सहीचे विधान झाले असते, आणि मी आयुष्यात कधी गेटवर उभी राहिलेली नाही.

मग त्यांनी माझा मालकांना पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश दाखवला: ‘या पार्टीची नुसती एन्ट्री मारून ठेवते, मालाचं नंतर बघू.’ माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरे असे होते की महिनाअखेर होती, माल आवारात उतरला होता, पण गुणवत्ता तपासणी बाकी होती, म्हणून बिल चढवून ठेवले आणि स्वीकृतीची नोंद नंतर केली. हिशेब विभागात आम्ही सगळेच असे बोलतो. बाहेरच्याला मात्र ते कबुलीजबाबासारखे वाचता येते. मी तिथे म्हणाले की हा संदेश कोणत्या तारखेचा आहे ते पाहू द्या, त्या दिवसाची आवक नोंद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. त्यांनी तसे लिहून घेतले, आणि मी आठवड्याभराने नोंदवहीची प्रत सादर केली. तेवढ्यावर तो मुद्दा थांबला.

तुमच्या हिशेबनीसबाईंना सांगा की ‘आठवत नाही, नोंद पाहून सांगते’ हे पूर्ण उत्तर आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. ‘माझ्या कामात येत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. मी जबाब मराठीत लिहून घ्यायला सांगितला आणि तो सही करण्यापूर्वी दोनदा वाचला. चार ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या हाताने झाल्या आणि तिथे माझी व अधिकाऱ्यांची सही झाली. वाचायला पाऊण तास लागला, कोणी रागावले नाही. घरी जाऊन जेवण्याआधी मी आठवतील तेवढे सगळे प्रश्न वहीत लिहून काढले.

फिरता_लेथ

ताई, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या बाईंना वाचायला दिला. त्यांनी तो स्टोअरच्या काकांनाही वाचून दाखवला. एक शंका आहे. आपल्याच माणसांना बसवून ‘असे विचारतील, तर असे सांगा’ म्हणणे म्हणजे पढवणेच झाले ना? ते उघड झाले तर?

वकिली_बाणा

तुम्ही मागितलेली रेघ नेमकी इथेच आहे. उत्तर शिकवणे म्हणजे पढवणे. कागद दाखवणे, पद्धत समजावणे, आणि कोणाला काय माहीत आहे ते त्यालाच उलगडून घ्यायला लावणे ही तयारी. काकांना आवक नोंदवही समोर ठेवून विचारा की हे हस्ताक्षर कोणाचे, ही नोंद तुम्ही कशावरून करता, गाडी आल्यावर आधी काय होते. त्यांची उत्तरे तुम्हाला गैरसोयीची निघाली तर ती बदलू नका. ती तुम्हाला आज कळली हाच लाभ. सगळ्यांनी एकच वाक्य एकाच शब्दांत सांगितले की अनुभवी अधिकाऱ्याला लगेच वास येतो, आणि लोकांना वेगवेगळे आठवणे हेच नैसर्गिक असते. समन्सवरची चौकशी ही न्यायिक कार्यवाही मानली जाते. तिथे जाणूनबुजून खोटे सांगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खालचा गुन्हा आहे, आणि तो सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडतो, मालकाच्या नव्हे. काकांना पढवणे हे म्हणूनच काकांवर अन्यायाचे आहे.

समन्सविषयी थोडे. १७ ऑगस्ट २०२२ च्या मंडळाच्या सूचनेप्रमाणे केंद्रीय अधिकाऱ्यांनी पोर्टलवर मिळणाऱ्या कागदांसाठी समन्स काढू नये आणि कंपनीच्या अव्वल अधिकाऱ्यांना पहिल्याच फेरीत सर्वसाधारणपणे बोलावू नये. पण सूचना मोडली गेली म्हणून गैरहजर राहू नका. हजर न राहिल्यास केंद्रीय कायद्याखाली २५ हजारांपर्यंत दंड आहे. अडचण असेल तर तारखेपूर्वी लेखी मुदत मागा. कलम ७०(१-अ) नोव्हेंबर २०२४ पासून आले आहे; अधिकारी सांगतील त्याप्रमाणे स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहता येते, परंतु शपथेवर जबाब द्यायचा असेल तर स्वतःच जावे लागते. वकिलाला शेजारी बसण्याचा हक्क नाही; पूल पांडी प्रकरणात १९९२ साली तो नाकारला गेला. मात्र विजय सजनानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसू दिले, आणि तशी लेखी विनंती करण्यात गैर काही नाही. जीएसटी अधिकारी पोलीस नव्हेत, त्यामुळे पोलिसांसमोरच्या कबुलीला पुरावा न होण्याचे जे संरक्षण आहे ते इथल्या जबाबाला नाही.

अटकेची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून तेही लिहितो. बनावट बिलांच्या प्रकरणात १ कोटीपासून फौजदारी तरतूद सुरू होते, आणि ५ कोटींच्या वर गेल्यावर गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरतो. तुमच्या खरेदीवरचे क्रेडिट किती आहे ते आधी मोजा. बहुतेक छोट्या कारखान्यांची रात्रीची झोप या एका बेरजेने परत येते.

फिरता_लेथ

बेरीज केली. दोन वर्षांत मिळून ११ लाख ६० हजारांचे क्रेडिट. वडिलांना आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी आठवड्यानंतर पहिल्यांदा नीट जेवण केले.

फिरता_लेथ

सात आठवड्यांनी परत लिहितो आहे. पथक आले नाही. ईमेलने समन्स आले, माझ्या नावाने आणि ‘खरेदी व साठ्याची कागदपत्रे घेऊन’. संदर्भ क्रमांक पोर्टलवर तपासला, खरा निघाला.

एकतीस बिलांचे गठ्ठे घेऊन गेलो. सत्तावीस बिलांना सगळी साखळी लागली होती, म्हणजे हीट नंबर, आवक नोंद, बिल्टी, आणि एकोणीस ठिकाणी फास्टॅगचा उतारा. तीन बिलांना वजनाचा पुरावा नव्हता. कोऱ्या थर्मल पावत्या तशाच दाखवल्या. अधिकाऱ्यांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि हसले. उरलेल्या एका बिलावरचा गाडी क्रमांक तीनचाकीचा निघाला, माल सहा टनांचा. हे मला आधीच कळले होते, त्यामुळे मी स्वतःच ते बिल वर ठेवले आणि सांगितले की आवक नोंदवहीत त्या दिवशी वेगळ्या क्रमांकाचा ट्रक लिहिलेला आहे, बिलावर हा क्रमांक कसा आला ते मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ असेच लिहून घेतले. सकाळी अकरा ते दुपारी चार लागले, मध्ये जेवायला सोडले.

स्टोअरच्या काकांना पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. त्यांचीच नोंदवही आहे म्हटल्यावर ते आता जायला तयार झाले आहेत, फक्त चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचा म्हणत आहेत.

कच्ची_वही

जबाबाची प्रत मिळाली का?

फिरता_लेथ

मागितली, पण त्या दिवशी मिळाली नाही. नोटीस निघाली तर तिच्यासोबत देऊ म्हणाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर बसूनच सव्वीस प्रश्न आणि उत्तरे वहीत उतरवली. वजनकाटेवाल्यांना मात्र आता प्रत्येक पावतीची झेरॉक्स मागतो, आणि ते दर वेळी विचारतात की कशाला.